गोलांचा हिशेब : विश्वचषक फुटबॉल आणि संख्याशास्त्र



ग्रंथालयाच्या देवघेवीची नोंदवही उघडली, की एखादे पुस्तक वर्षभरात किती वेळा घरी गेले हे नेमके सांगता येते. ते पुस्तक किती मोलाचे आहे, हे मात्र त्या वहीत लिहिलेले नसते. म्हणून वही कोणी फेकून देत नाही. आणि केवळ तिच्या आधारे साहित्याचा इतिहासही कोणी लिहीत नाही. आंतरराष्ट्रीय फुटबॉलच्या आकडेवारीकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. हंगेरीचा १९५४ चा संघ श्रेष्ठ की ब्राझीलचा १९७० चा, पेले मोठा की मॅराडोना, हे वाद चहाच्या टेबलावर पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. त्यांत शेवटी कोणीतरी कागद-पेन्सिल काढतो आणि आकडे मांडू लागतो. ते आकडे काय सांगू शकतात आणि कोठे गप्प बसतात, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभ बर्नपासून करणे योग्य ठरेल. ४ जुलै १९५४ रोजी स्वित्झर्लंडमधील त्या शहरात विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला हंगेरी होती. हा संघ चार वर्षे हरला नव्हता. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्याने इंग्लंडला वेम्ब्लीच्या मैदानावर ६-३ असे हरवले होते आणि पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टमध्ये ७-१ असे. दुसऱ्या बाजूला पश्चिम जर्मनी होती, जिला याच स्पर्धेच्या साखळीत हंगेरीने ८-३ अशी धूळ चारली होती. अंतिम सामन्यात पहिल्या आठ मिनिटांत हंगेरीचे दोन गोल झाले. त्यानंतर जर्मनीने बरोबरी साधली आणि ८४ व्या मिनिटाला हेल्मुट रानने तिसरा गोल केला. चषक जर्मनीला गेला.

आता हिशेब पाहावा. हंगेरीने पाच सामन्यांत २७ गोल केले व १० स्वीकारले. विजेत्या जर्मनीने सहा सामन्यांत २५ केले व १४ स्वीकारले. सामन्यामागे गोल काढले तर हंगेरीचे ५.४ येतात, जर्मनीचे ४.२ च्या आत-बाहेर. एका स्पर्धेत २७ गोलांचा तो विक्रम २०२२ च्या स्पर्धेअखेरपर्यंत कोणत्याही पुरुष संघाला मोडता आलेला नव्हता. बेरीज-वजाबाकी पाहणारा कोणीही माणूस हंगेरीलाच श्रेष्ठ ठरवील. परंतु त्याच आकड्यांना जरा उलटसुलट केले, की प्रश्न उभे राहतात. हंगेरीच्या २७ गोलांपैकी ९ दक्षिण कोरियाविरुद्धचे होते. ८-३ च्या त्या सामन्यात जर्मन प्रशिक्षक झेप हर्बर्गर यांनी आपले अनेक प्रमुख खेळाडू मुद्दाम बाहेर ठेवले होते. त्याच सामन्यात हंगेरीचा कर्णधार पुश्काश जायबंदी झाला, आणि अंतिम सामन्यात तो खेळला तो त्या दुखावलेल्या घोट्यानिशी. ही सर्व हकीकत ‘८-३’ या दोन अंकांत दडलेली आहे, आणि ती बाहेरून माहीत असल्याशिवाय त्या अंकांतून काढता येत नाही.

मग हंगेरीचा पराभव हा केवळ दुर्दैवाचा खेळ मानायचा काय? येथे संख्याशास्त्र खरोखर कामाला येते. फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात, हे त्या खेळाचे मूलभूत लक्षण होय. क्रिकेटमध्ये शेकडो धावा होतात, त्यामुळे बारीकसारीक योगायोग एकमेकांना खोडून काढतात. फुटबॉलमध्ये एका चेंडूचा खांबाला लागलेला धक्का सामना फिरवू शकतो. अशा विरळ घटनांचे गणित फ्रेंच गणिती प्वासाँ यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले. प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने दरवर्षी किती सैनिक दगावतात, याला ते गणित लागू पडते, असे बोर्टकीविच यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. तोच हिशेब गोलांनाही बराचसा लागू होतो, हा थोडा विनोदी योग म्हणावा लागेल.

कल्पना करावी, की एक संघ सामन्यामागे सरासरी २ गोल करतो आणि त्याचा प्रतिस्पर्धी १. म्हणजे पहिला संघ दुप्पट बलवान. प्वासाँच्या सूत्राने मांडणी केली तर शंभर सामन्यांपैकी सुमारे ६१ बलवान संघ जिंकील, २१ बरोबरीत सुटतील आणि १८ दुबळा संघ जिंकील. बरोबरीचे सामने जादा वेळेत वा पेनल्टीवर निम्मे निम्मे वाटले गेले असे धरले, तर बाद फेरीत बलवान संघाची संधी शंभरात ७१ येते. सोळा संघांच्या बाद फेरीत चषकासाठी असे चार सामने लागोपाठ जिंकावे लागतात. ०.७१ ला चार वेळा गुणले, की उत्तर येते ०.२५. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याहून दुप्पट सामर्थ्याच्या संघालाही चषक चारांतून एकदाच मिळणार! हे गणित एकदा समजले, की ‘जो जिंकला तो सर्वश्रेष्ठ’ हे विधान उच्चारताना जीभ अडखळू लागते. पाच-सात सामन्यांची स्पर्धा हा फार लहान नमुना आहे.

लहान नमुन्यांची गंमत १९८२ च्या स्पेनमधील स्पर्धेत सर्वांनी पाहिली. इटली आणि कॅमेरून यांनी आपले तिन्ही साखळी सामने बरोबरीत सोडवले. इटलीचे गोल झाले २, कॅमेरूनचा १. केवळ तेवढ्या एका गोलाने इटली पुढे गेली आणि पुढे विश्वविजेती झाली. कॅमेरून एकही सामना न हरता घरी परतला. त्या इटलीचा पाओलो रॉसी पहिल्या चार सामन्यांत एकही गोल करू शकला नव्हता. त्या क्षणी त्याची आकडेवारी पाहून कोणीही त्याला संघाबाहेर बसवले असते. पाचव्या सामन्यात त्याने ब्राझीलविरुद्ध तीन गोल केले, उपांत्य सामन्यात पोलंडविरुद्ध दोन आणि अंतिम सामन्यात एक. स्पर्धा संपली तेव्हा सर्वाधिक गोल त्याच्याच नावावर होते. पुढे २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील स्पर्धेत अपराजित राहिलेला एकमेव संघ होता न्यूझीलंड, आणि तो पहिल्याच फेरीत बाद झाला. विश्वविजेता स्पेन आपला पहिला सामना स्वित्झर्लंडकडून हरला होता आणि सात सामन्यांत त्याने अवघे आठ गोल केले.

१९९४ च्या अमेरिकेतील स्पर्धेत तर एका गटाने आकड्यांची परीक्षाच पाहिली. मेक्सिको, आयर्लंड, इटली आणि नॉर्वे या चारही संघांचे गुण चार-चार, आणि गोलफरक चौघांचाही शून्य. केलेल्या गोलांवरून क्रम लावावा लागला. ज्याने एकच गोल केला आणि एकच स्वीकारला तो नॉर्वे बाहेर गेला. तिसऱ्या क्रमांकावरची इटली अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली. २०१८ मध्ये तर जपान व सेनेगल यांचे गुण, गोलफरक, केलेले गोल आणि परस्परांमधील सामना असे सर्वच बरोबरीत निघाले, तेव्हा पिवळी कार्डे मोजून जपानला पुढे पाठवण्यात आले. नियम आधी ठरलेला होता, त्यामुळे अन्याय झाला असे म्हणता येत नाही. परंतु त्या कार्डांवरून कोणता संघ सरस हे ठरले, असे म्हणण्याचे धाडसही कोणी करू नये.

संघांकडून खेळाडूंकडे वळले की गुंता वाढतो. स्पर्धेत कोणी किती गोल केले, ही यादी सर्वांना पाठ असते. १९५८ मध्ये फ्रान्सच्या जुस्त फॉन्तेनने सहा सामन्यांत १३ गोल केले. हंगेरीच्या कोचिशने १९५४ मध्ये पाच सामन्यांत ११, गेर्ड म्युलरने १९७० मध्ये सहा सामन्यांत १०. त्या मानाने १९९० मध्ये इटलीच्या स्किलाचीचे सात सामन्यांतील ६ गोल किरकोळ वाटतात. परंतु प्रत्येक काळाचा बाजारभाव वेगळा असतो. १९५४ मध्ये २६ सामन्यांत १४० गोल झाले, म्हणजे सामन्यामागे ५.३८. १९९० मध्ये ५२ सामन्यांत ११५, म्हणजे अवघे २.२१. जुन्या काळच्या पगाराची आजच्या पगाराशी तुलना करताना धान्याचा त्या त्या वेळचा भाव लक्षात घ्यावा लागतो, तसेच हे आहे.

यासाठी एक साधा हिशेब करता येतो. खेळाडूचे सामन्यामागचे गोल घ्यावेत आणि त्या स्पर्धेच्या सामन्यामागील सरासरी गोलांनी त्यांना भागावे. कोचिशचा भागाकार ०.४१ येतो आणि स्किलाचीचा ०.३९! अकरा गोल आणि सहा गोल यांतील अंतर जवळजवळ नाहीसे होते. फॉन्तेन मात्र ०.६० वर डौलाने उभा राहतो; त्याच्यामागे म्युलर ०.५६ आणि १९६६ चा पोर्तुगालचा युसेबिओ ०.५४. २०२२ मध्ये आठ गोल करणारा एम्बापे ०.४३ वर येतो. अर्थात या हिशेबालाही मर्यादा आहेत. प्रतिस्पर्धी कोण होता, हे तो विचारीत नाही. १९९४ मध्ये रशियाच्या सालेन्कोने कॅमेरूनविरुद्ध एकाच सामन्यात पाच गोल केले, त्याआधी स्वीडनविरुद्ध पेनल्टीवर एक. सहा गोलांनिशी तो सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या पंक्तीत स्तोइच्कोवच्या शेजारी बसला. त्याचा संघ पहिल्या फेरीतच बाद झाला होता, आणि या सहांव्यतिरिक्त रशियासाठी त्याच्या नावावर एकही गोल नाही. आमच्या भागाकारात तो सर्वांच्या डोक्यावर जाऊन बसेल. जे सूत्र सालेन्कोला पहिला नंबर देते, ते वापरणाऱ्याने चष्मा पुसून पुन्हा एकदा कागदाकडे पाहावे, हे बरे.

एकूण कारकिर्दीचे आकडे अधिक भरवशाचे असतात, कारण नमुना मोठा होतो. जर्मनीच्या क्लोजचे विश्वचषकांतील १६ गोल २४ सामन्यांतील आहेत, म्युलरचे १४ फक्त १३ सामन्यांतील. त्या दोघांत कोण मोठा, याचे उत्तर कोणता स्तंभ वाचायचा यावर अवलंबून आहे. आणि या दोघांच्याही पुढे, १७ गोलांनिशी, ब्राझीलची मार्ता आहे. महिलांच्या पाच विश्वचषकांत तिने गोल केले आणि तिच्या संघाला एकदाही चषक मिळाला नाही. पुष्कळ याद्यांत तिचे नावच नसते, हा दोष संख्याशास्त्राचा नव्हे. यादी करणाराचा होय.

मोजण्याच्या या वेडाचा आद्य पुरुष म्हणून इंग्लंडच्या चार्ल्स रीप यांचे नाव घ्यावे लागते. हे राजकीय विमानदलातील हिशेब खात्याचे अधिकारी. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन व ब्रिस्टल रोव्हर्स यांच्यातील सामन्याच्या उत्तरार्धात त्यांनी खिशातून वही-पेन्सिल काढली आणि प्रत्येक चालीची नोंद करण्यास आरंभ केला. ती नोंद पुढे अनेक दशके चालू राहिली. १९६८ मध्ये त्यांनी बेंजामिन या संख्याशास्त्रज्ञासह रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. संगणक नाही, चित्रफीत नाही. पावसात, थंडीत, मैदानाच्या कडेला बसून एका माणसाने हे केले. त्या चिकाटीला दाद दिलीच पाहिजे.

परंतु त्यांनी काढलेला निष्कर्ष इंग्लंडला महाग पडला. सुमारे ८० टक्के गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालींतून होतात, असे त्यांना आढळले. तेव्हा चेंडू लांब, थेट पुढे मारावा. मधल्या फळीत गुंफण करीत बसण्यात अर्थ नाही, असे त्यांचे मत बनले आणि पुढे इंग्लंडमधील प्रशिक्षणाच्या विचारावर त्याचा दाट ठसा उमटला. चूक कोठे होती? मुळात फुटबॉलमधील नव्वद टक्क्यांहून अधिक चाली तीन पासांच्या आतच संपतात. ग्रंथालयातील शंभर सभासदांपैकी नव्वद कादंबऱ्या नेत असतील, तर हरवलेल्या पुस्तकांत कादंबऱ्याच अधिक निघणार; त्यावरून कादंबरीचा वाचक निष्काळजी ठरत नाही. उलट नव्वद टक्के कादंबऱ्या जाऊन हरवलेल्यांत त्यांचे प्रमाण ऐंशीच असेल, तर कादंबरीवाले अधिक जपणारे म्हणायला हवेत. तोच न्याय येथे. छोट्या चाली नव्वदीहून अधिक आणि गोल ऐंशी टक्के, म्हणजे लांब गुंफलेली चालच अधिक फलदायी! रीप यांच्याच आकड्यांत हे उत्तर लिहिलेले होते. १९९० व १९९४ च्या विश्वचषकांतील चालींचा अभ्यास करून ह्यूज व फ्रँक्स यांनी २००५ मध्ये ते पुन्हा पडताळले, आणि यशस्वी संघांच्या बाबतीत लांब चालींतूनच प्रमाणाने अधिक गोल होतात असे दाखवले.

तथापि रीप यांच्या वाटेने जाणारे सगळेच फसले असे नव्हे. नॉर्वेचे प्रशिक्षक एगिल ओल्सेन हे आकड्यांचे मोठे भोक्ते. लांब पास, घट्ट बचाव आणि नोंदवहीतील टक्केवारी यांवर त्यांनी एका लहान देशाचा संघ उभा केला. जागतिक फुटबॉल महासंघाची क्रमवारी डिसेंबर १९९२ मध्ये सुरू झाली. ऑक्टोबर १९९३ मध्ये त्या क्रमवारीत नॉर्वे दुसरा होता. हाच तो १९९४ मध्ये एक गोल करून बाहेर पडलेला संघ, आणि १९९८ मध्ये ब्राझीलला २-१ असे हरवणाराही हाच.

क्रमवारीविषयी थोडेसेच. पूर्वीची पद्धत कोणालाच फारशी पटत नव्हती. ऑगस्ट २०१८ पासून महासंघाने बुद्धिबळातील एलो पद्धतीचा आधार घेतला. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन प्राध्यापक अर्पाद एलो यांची ही कल्पना. अपेक्षित निकाल आधी मांडायचा, आणि प्रत्यक्ष निकाल त्याहून जितका वेगळा, तितके गुण या खात्यातून त्या खात्यात वळते करायचे. बलवानाने दुबळ्याला हरवले तर फारसे काही मिळत नाही. पद्धत शहाणी आहे. तरी तिच्या पहिल्या क्रमांकावर वर्षानुवर्षे बसलेल्या बेल्जियमला एकही मोठी स्पर्धा जिंकता आली नाही, आणि २०२२ मध्ये तो साखळीतच बाद झाला. त्याच स्पर्धेत ५१ व्या क्रमांकाच्या सौदी अरेबियाने तिसऱ्या क्रमांकाच्या अर्जेंटिनाला हरवले, आणि चषक पुढे अर्जेंटिनानेच जिंकला.

अलीकडे ‘अपेक्षित गोल’ या नावाचे नवे माप रूढ झाले आहे. चेंडू कोठून मारला, कोन किती होता, पायाने की डोक्याने, यांवरून त्या फटक्याचा गोल होण्याची शक्यता काढतात. पेनल्टीला साधारण पाऊण गोल धरतात. जे झाले त्याऐवजी जे व्हायला हवे होते ते मोजण्याचा हा प्रयत्न आहे, आणि दीर्घ मुदतीत तो गोलसंख्येपेक्षा चांगला साक्षीदार ठरतो.

तरी काही गोष्टी कोणत्याच स्तंभात बसत नाहीत. १९७० मध्ये पेलेने चारच गोल केले. पण लोकांच्या स्मरणात राहिले ते न झालेले गोल. चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध मैदानाच्या मध्यावरून मारलेला आणि खांबाजवळून गेलेला चेंडू. इंग्लंडच्या गॉर्डन बँक्सने अविश्वसनीय झेप घेऊन अडवलेला हेडर. उरुग्वेच्या गोलरक्षकाला चेंडूला स्पर्शही न करता चकवून मारलेला आणि थोडक्यात हुकलेला फटका. गोलांच्या स्तंभात या तिन्हींची किंमत शून्य.

मॅराडोनाची गोष्ट याच्या उलट. १९८६ मध्ये अर्जेंटिनाच्या १४ गोलांपैकी ५ त्याने केले आणि ५ करवून दिले. चौदातले दहा! शिवाय त्या स्पर्धेत त्याला ५३ वेळा नियमबाह्य रीतीने पाडण्यात आले. कोणत्याही मापाने मोजले तरी हा माणूस वरच राहतो. येथे आकडे आणि डोळे एकमेकांचे म्हणणे मान्य करतात. मात्र २२ जून रोजी इंग्लंडविरुद्ध त्याने चार मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले. एक हाताने ढकललेला, पंचाच्या नजरेतून सुटलेला. दुसरा स्वतःच्या अर्ध्यातून चेंडू घेऊन निम्मा इंग्लिश संघ ओलांडून केलेला. तक्त्यात दोहोंपुढे सारखाच ‘१’ आहे.

गोमंतकाशी आणि मुंबईशी नाते असलेले एक उदाहरण अखेरीस घेणे उचित होईल. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, हे आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान खोटा नाही. पण हिशेब करायचा तर तो घरच्यांचाही करावा. पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. त्या वर्षी हंगेरीत उठाव झाला होता आणि त्या देशाचा फुटबॉल संघ मैदानात उतरलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. मग भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले, उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाकडून १-४ आणि कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाकडून ०-३ असा पराभव पत्करला. तीन सामने, एक विजय, केलेले गोल ५, स्वीकारलेले ९. व्यावसायिक खेळाडूंना ऑलिंपिकमध्ये मज्जाव असल्याने पश्चिम युरोपचे खरे बळ तेथे नव्हतेच. ‘जगात चौथा’ हे शब्द वापरण्यापूर्वी एवढे ध्यानात घेतलेले बरे.

आणि एवढे ध्यानात घेतल्यावरही नेव्हिल डिसोझाचा आकडा जागचा हलत नाही. मूळ गोमंतकीय कुटुंबातला, मुंबईच्या मैदानांवर खेळणारा हा आघाडीचा खेळाडू. ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने तीन गोल केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई खेळाडू मानला जातो. चौथा गोल त्याने युगोस्लाव्हियाविरुद्ध केला, आणि भारताला त्या सामन्यात काही काळ आघाडीवर नेले. भारताच्या पाच गोलांपैकी चार त्याचे. त्या स्पर्धेत चाराहून अधिक गोल कोणालाच करता आले नाहीत. चार गोल करणारे आणखी दोघे होते, बल्गेरियाचा मिलानोव्ह आणि युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच. भारताला ज्या दोन संघांनी हरवले, त्यांतलेच हे दोघे.